मॉलच्या वाहनतळाखालचा ओढा : सिॲटलच्या थॉर्न्टन क्रीकचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

वस्तीतून वाहणाऱ्या ओढ्याचे काय करायचे, असा वाद उभा राहिला की बहुधा दोनच पक्ष तयार होतात. एक पक्ष ओढा बंदिस्त करून वरची जागा वापरात आणू पाहतो, तर दुसरा ओढा पूर्ववत उघडा करा म्हणतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल शहरात थॉर्न्टन क्रीक या ओढ्यावरून असाच वाद कित्येक वर्षे चालला. तो महाराष्ट्रातील वाचकांसमोर तपशिलाने मांडावासा वाटतो, कारण तिथे एकाच ओढ्यावर, दोन-तीन किलोमीटरच्या अंतराने आणि काही वर्षांच्या फरकाने, एकमेकांच्या जवळजवळ उलट असे दोन निर्णय घेतले गेले आणि त्या त्या जागेपुरते ते दोन्ही योग्य होते, असे माझे मत आहे. व्यक्तींची नावे येथे दिलेली नाहीत आणि सहभागी पक्षांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेवरून केला आहे. स्थळे, वर्षे आणि कामे मात्र प्रत्यक्षातील आहेत.

पार्श्वभूमी

सिॲटलच्या पश्चिमेला प्युजेट साउंड ही समुद्राची खाडी आणि पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे गोड्या पाण्याचे मोठे सरोवर आहे. थॉर्न्टन क्रीक शहराच्या ईशान्य भागातून वाहत येऊन मॅथ्यूज बीच या ठिकाणी सरोवराला मिळतो. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर, म्हणजे सिॲटलमधील ओढ्यांत सर्वांत मोठे, असून त्याचा काही भाग शेजारच्या शोरलाइन शहरात येतो. ओढ्याच्या मुख्य शाखा दोन आहेत. उत्तरेची शाखा शोरलाइनकडून येते, तर दक्षिणेची शाखा नॉर्थगेट भागातील पाणथळ जमिनीतून निघते. मेडोब्रुक वस्तीत एका शाळेजवळ त्या एकत्र येतात. उपशाखा धरून या प्रवाहांची लांबी २९ किलोमीटरच्या आसपास भरते आणि ते सातशेहून अधिक घरांच्या परसांतून जातात. ओढ्याच्या काठाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे, ही गोष्ट पुढचे निर्णय समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे.

सरोवराचाही इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोवतालच्या गावांचे सांडपाणी, काही प्रक्रिया करून का होईना, लेक वॉशिंग्टनमध्येच सोडले जात होते. १९५५ मध्ये तिथे विशिष्ट प्रकारचे शेवाळ आढळले आणि सरोवर बिघडत चालल्याचा इशारा शास्त्रज्ञांनी दिला. १९५८ मध्ये मतदारांनी खर्चाचा भार स्वीकारून संयुक्त मलनिस्सारण संस्थेला मंजुरी दिली. १९६३ ते १९६८ या काळात सगळे सांडपाणी सरोवरापासून दूर वळवण्यात आले आणि पाणी काही वर्षांतच स्वच्छ झाले. सरोवर वाचवल्याचे हे उदाहरण जगभर सांगितले जाते आणि ते सांगण्यासारखे आहेच. मात्र त्या योजनेत मैलापाण्याचा विचार होता. रस्ते, छपरे आणि वाहनतळ यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी ओढ्यांतून सरोवरात येतच राहिले.

१९५० मध्ये नॉर्थगेट मॉल सुरू झाला. मोटारींच्या सोयीसाठी चहूबाजूंनी विस्तीर्ण वाहनतळ ठेवणारा तो अमेरिकेतील सुरुवातीच्या मॉलपैकी एक होता. दक्षिण शाखेचे वरचे पाणी त्याच्या दक्षिणेकडील वाहनतळाखालून, सुमारे पाच फूट व्यासाच्या पाइपातून जाऊ लागले. वाहनतळाच्या पश्चिमेला महामार्ग आला आणि त्याच्या पलीकडची पाणथळ जमीन ओढ्यापासून तुटली. पूर्वेला रस्ता ओलांडला की पाइप संपून ओढा पुन्हा उघडा होत होता. त्या ठिकाणी आजही झाडी आहे आणि ओंडक्यांचे बांध घालणाऱ्या बीव्हर या प्राण्यांनी अडवलेले तळे आहे. वाहनतळावर गाडी लावणाऱ्याला मात्र आपल्या पायाखाली ओढा आहे याचा पत्ता लागण्याचे काही कारण नव्हते.

अडचण

प्रश्न दोन होते. दोन्ही एकाच पाण्याचे असले तरी बराच काळ त्यांच्याकडे वेगवेगळे पाहिले गेले.

पहिला प्रश्न नॉर्थगेटचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मॉलच्या मालक कंपनीने विस्ताराच्या योजना पुढे आणल्या. ओढ्यासाठी काम करणाऱ्या स्थानिक गटांनी मागणी केली की या निमित्ताने वाहनतळ खोदून ओढा उघडा करावा. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पाइपात गेलेले पाणी नियमांच्या दृष्टीने ओढा धरायचे की पावसाळी गटार, हा कळीचा मुद्दा होता. ओढा धरला तर काठापासून ठरावीक अंतर मोकळे सोडणे आले आणि गटार धरले तर तसे कोणतेच बंधन उरत नव्हते. वर्षे उलटली, तरी विस्तार झाला नाही आणि ओढाही उघडा झाला नाही. डांबराचा तो पट्टा तसाच पडून राहिला आणि त्यावरून धुऊन जाणारे तेल, धातूंचे कण आणि गाळ पाइपातून खाली जात राहिले.

दुसरा प्रश्न मेडोब्रुकचा. संगमाच्या ठिकाणी पूर्वी ओढ्याला पसरायला सखल जमीन होती. तिथे घरे झाली, पात्र सरळ करून दोन्ही बाजूंनी भिंतींत आवळले गेले आणि मुख्य रस्त्याखाली अरुंद मोरी बसवली गेली. वरच्या भागात जमीन डांबर आणि काँक्रीटने झाकली गेल्यामुळे पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी आता थेट ओढ्यात येऊ लागले. पाऊस थांबला की ओढा रोडावायचा आणि जोराचा पाऊस झाला की काही तासांत फुगायचा. मोरीपाशी पाणी तुंबून रस्ता आणि आजूबाजूची घरे वारंवार पाण्याखाली जात. जोराच्या प्रवाहाने पात्रातील खडी-वाळू खरवडून नेली होती आणि खाली कडक तळ उरला होता. १९९०च्या दशकात शहराने थोडे खालच्या बाजूला, जुन्या मैलाशुद्धीकरण केंद्राच्या जागेवर, मेडोब्रुक पाँड हे पुराचे पाणी साठवण्याचे तळे बांधले आणि जादा पाणी परस्पर सरोवरात नेणारा पाइपही टाकला. त्यामुळे खालच्या वस्तीचा धोका कमी झाला. तळ्यात मात्र गाळ साचत राहिला आणि तो उपसण्याचा खर्च शहराच्या मागे लागला. संगमाजवळची स्थिती बदलली नाही ती नाहीच.

नॉर्थगेट : विचारात घेतलेले पर्याय

२००३-०४ मध्ये महापालिकेने न्यायालयाबाहेर तोडगा काढण्यासाठी सर्व संबंधितांचा एक गट नेमला. त्यात रहिवासी, व्यापारी, पर्यावरण गट, मॉलचे मालक आणि सार्वजनिक संस्थांचे प्रतिनिधी होते. गटापुढे ढोबळमानाने तीन पर्याय आले.

पहिला पर्याय ओढा पूर्णपणे उघडा करण्याचा होता. ही मागणी न्याय्य होती आणि भावनेच्या दृष्टीने सर्वांत बळकटही होती. पण पाइप जमिनीच्या बराच खाली होता. एवढ्या खोलीवरचा प्रवाह उघडा करून त्यात पुराचे सगळे पाणी सामावून घ्यायचे, तर दोन्ही बाजूंना मोठे उतार द्यावे लागले असते आणि खोदाईतच बहुतेक जागा गेली असती. शिवाय वरच्या अंगाला महामार्गाखालचे पाइप आणि खालच्या अंगाला रस्त्यांखालच्या मोऱ्या तशाच राहणार होत्या. समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला येणारे सामन मासे वाहनतळाच्या जागेपर्यंत पोहोचण्याची शक्यता नजीकच्या काळात दिसत नव्हती.

दुसरा पर्याय असा की पाइप आहे तसा ठेवायचा आणि नव्या इमारतींच्या आवारातले पावसाचे पाणी तेवढे गाळून सोडायचे. हा सर्वांत स्वस्त आणि मालकांच्या सोयीचा होता. त्यातून वरच्या बाजूने येणाऱ्या पाण्यात मात्र काहीच फरक पडला नसता, आणि खरी घाण त्या वरच्या शेकडो एकरांवरून येत होती.

तिसरा पर्याय संमिश्र होता आणि गटाने शेवटी त्याचीच शिफारस केली. पुराचे पाणी जुन्या पाइपातूनच जाऊ द्यायचे, पण रोजचे वाहते पाणी आणि साध्या पावसाचे पाणी वरच्या टोकाला वळवून जमिनीवरच्या एका नव्या उघड्या वाहिनीत सोडायचे, असा हा विचार होता. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना घरे, दुकाने आणि चालण्याच्या वाटा येणार होत्या.

माझ्या मते वादाची कोंडी इथेच फुटली. तोपर्यंत दोन्ही पक्ष ओढ्याचे पाणी ही एकच अखंड गोष्ट धरून भांडत होते. रोजचे पाणी आणि पुराचे पाणी वेगळे मोजल्यावर लक्षात आले की घाण वाहून आणणारे पाणी प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे आहे आणि त्याला लागणारी जागा फार नाही. ज्याला जागा लागते ते पुराचे पाणी वर्षातून मोजक्या वेळा येते. सिॲटलचा पाऊस या विचाराला अनुकूल आहे. तिथे ऑक्टोबर ते मार्च या काळात बारीक रिपरिप दिवसेंदिवस चालते, त्यामुळे वर्षभराच्या पाण्याचा बहुतेक भाग छोट्या सरींतून येतो.

नॉर्थगेट : प्रत्यक्ष काम

वाहिनीचे काम २००९ मध्ये पूर्ण झाले. २.७ एकरांच्या पट्ट्यात ती बसवली असून खर्च सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर आला. ६८० एकर क्षेत्रावरून येणारे पाणी तिच्याकडे येते आणि वर्षभराच्या सरासरी पाण्यापैकी ९१ टक्के पाणी तिच्यातून जावे, अशी तिची रचना आहे. या पाण्यातला ४० ते ८० टक्के तरंगता गाळ खाली बसेल, असा आराखड्याचा अंदाज होता.

तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पाइपाच्या वरच्या टोकाला पाणी विभागणारे बांधकाम आहे. ठरावीक पातळीपर्यंतचे पाणी वाहिनीकडे वळते आणि पातळी त्यापेक्षा वाढली की जादा पाणी आपोआप पाइपात जाते. त्यासाठी कोणी दार उघडायचे वा बंद करायचे नसते. वाहिनी टप्प्याटप्प्याने उतरत जाते. प्रत्येक टप्प्यावर छोटे बांध पाण्याला अडवून पसरवतात आणि पाणथळ जागी वाढणारे गवत, लव्हाळे व झुडपे त्याचा वेग मोडतात. पाणी मंदावले की मातीचे कण तळाशी बसतात आणि त्यांना चिकटलेले धातू व तेलाचे अंशही त्यांच्याबरोबर बसतात. वरून पाहणाऱ्याला ती झाडीत वाहणारी एक छोटी दरी वाटते आणि तिच्यावरच्या पुलांवरून रहिवासी येजा करतात.

या तडजोडीत प्रत्येक पक्षाने काही सोडले. ओढ्यासाठी लढणाऱ्या गटांनी मासे परतणाऱ्या पूर्ण ओढ्याची आशा या जागेपुरती सोडली. मालकांनी विकण्याजोग्या जमिनीच्या मधोमध एक पट्टा सोडला. शहराने बांधकामाचा खर्च आणि त्याहून जड अशी देखभालीची कायमची जबाबदारी उचलली. साचलेला गाळ काढणे, माजलेली परकी झाडे उपटणे आणि बांध दुरुस्त करणे ही कामे न थांबणारी आहेत. वाहिनी चालते ती त्यामुळेच.

मेडोब्रुक : दुसरा निर्णय

संगमाजवळ पर्याय वेगळे होते. मोरी मोठी करून भिंती उंचावता आल्या असत्या. त्याने रस्ता वाचला असता, पण पाण्याचा वेग वाढून खालच्या काठांची धूप वाढली असती. आणखी एक साठवण तळे करता आले असते, पण त्यासाठी जागा नव्हती आणि गाळाचा खर्च तर आधीच भोगावा लागत होता. तिसरा मार्ग पाण्याला त्याची जमीन परत देण्याचा होता आणि त्यासाठी तिथली घरे हटवणे आवश्यक होते.

शहराने पूरक्षेत्रातील घरे एकेक करून विकत घेतली. याला बरीच वर्षे लागली, आणि तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुरात घरे आणि माणसे वाहून गेली आणि पुणे परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर काठावरच्या वस्तीचा प्रश्न ज्या घाईने हाताळला गेला, त्याचा शेवट जून २०२१ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या पाडकामात आणि न्यायालयाच्या स्थगितीत झाला. काठावरच्या माणसाला किंमत आणि मुदत देऊन जमीन मोकळी करायला वेळ लागतो. तो वेळ आराखड्यातच धरावा लागतो, आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्यासाठी तर आणखी वेगळी तरतूद लागते. मेडोब्रुकमध्ये घरमालक होते, म्हणून खरेदीचा मार्ग खुला होता. हा फरक नजरेआड करून तो मार्ग जशाचा तसा आपल्याकडे लागू करता येणार नाही.

घरे हटल्यावर भिंती काढल्या, भराव उपसून काठ सखल केले, पात्राला वळणे दिली आणि रस्त्याखाली रुंद मोरी बांधली. २०१४ मध्ये काम पूर्ण झाले. या कामाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण तो पात्राच्या तळाखाली आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की पात्राच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरतात, आणि वर साचलेल्या डबक्यातले पाणी कोणी पीत नसले तरी त्या झिऱ्यातले पितात. नदी म्हणजे वर दिसते तेवढेच पाणी नाही, तिचा एक प्रवाह तळाच्या वाळूतूनही चालतो आणि तिथे तो गाळला जातो, हे झिरा उकरणाऱ्या पिढ्यांना ठाऊक आहे. थॉर्न्टन क्रीकच्या कडक झालेल्या पात्रात हा खालचा प्रवाहच उरला नव्हता. सिॲटलच्या पाणी-मलनिस्सारण संस्थेतील जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर काम करणारे भूशास्त्रज्ञ यांनी तो पुन्हा घडवायचे ठरवले. पात्र खोल खणून त्यात वाळू आणि गोट्यांचा जाड थर घातला. मोठे ओंडके आडवे आणि तिरके अशा बेताने रोवले की त्यांच्या वरच्या बाजूला पाणी तळात दाबले जावे, खडीतून काही अंतर चालावे आणि पुढे पुन्हा वर यावे. खडीवर वाढणारे सूक्ष्मजीव या प्रवासात पाण्यातील बरीच रसायने पकडतात वा मोडतात. पुढे घेतलेल्या नमुन्यांत, खडीतून काही मीटर चालून आलेल्या पाण्यात अनेक रसायनांचे प्रमाण वरच्या पाण्यापेक्षा लक्षणीय कमी आढळले. खालून वर येणारे पाणी उन्हाळ्यात थंडही असते आणि माशांच्या अंड्यांना प्राणवायू पुरवते.

परिणाम

संगमाजवळचा रस्ता पूर्वीसारखा वरचेवर पाण्याखाली जाणे थांबले. फुगलेले पाणी आता काठावरच्या मोकळ्या जमिनीवर पसरते आणि गाळाचा काही भाग तिथेच सोडून जाते. २०१८ च्या शरद ऋतूत चिनूक जातीच्या सामन माशांनी इथे अंडी घातली, आणि तीही खडीतून पाणी वर येण्याची योजना जिथे केली होती त्या भागात. समुद्रातून निघून जलकपाटे ओलांडून, कालव्यातून सरोवरात आणि सरोवरातून या ओढ्यात आलेल्या मादीने नेमकी ती जागा निवडावी, हे ज्यांनी आराखडा केला त्यांच्या कामाचे सर्वांत स्पष्ट प्रमाणपत्र आहे.

नॉर्थगेटची वाहिनी आपले काम करते. तिच्या काठी लोक राहतात, पाखरे येतात आणि गाळ बसतो. ज्या मॉलच्या विस्तारासाठी वाद झाला तो मॉल मात्र दहा वर्षांत ओसरला. २०१८-१९ च्या सुमारास दुकाने बंद होत गेली, इमारतींचा मोठा भाग पाडला गेला आणि २०२१ मध्ये तिथे बर्फावरच्या खेळांचे केंद्र आले. त्याच वर्षी शेजारी मेट्रोसारख्या हलक्या रेल्वेचे स्थानक सुरू झाले. ज्या जमिनीच्या चौरस फुटांसाठी घासाघीस झाली तिचा उपयोग वीस वर्षांत मुळापासून बदलला, तेव्हा आजच्या वापराला कायमचा समजून ओढ्याची जागा ठरवणे किती कच्चे आहे हे तिथे उघड दिसले.

दोन गोष्टी मात्र सुटलेल्या नाहीत. पहिली म्हणजे मॅथ्यूज बीच. उन्हाळ्यात पोहायला गर्दी होणारा हा किनारा पाण्यातील जिवाणूंचे प्रमाण वाढल्यामुळे बंद करावा लागण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात आणि ओढ्याचे मुख तिथेच आहे. पाळीव कुत्र्यांची विष्ठा, पक्षी, गळक्या मलवाहिन्या असे त्याचे अनेक उगम आहेत. गाळ बसवणारी वाहिनी त्यांवर फारसे काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट कोहो माशांची आहे. सिॲटल परिसरातील ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन अंडी घालण्याआधीच मरतात, हे शास्त्रज्ञ दोन दशकांहून अधिक काळ नोंदवत आहेत. पोटात सगळी अंडी असलेली मादी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडते-मिटते, तिचा तोल जातो, ती गोल फिरू लागते आणि काही तासांत मरते. याचे कारण डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हाती लागले. टायरचे रबर टिकावे म्हणून त्यात ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. हवेतील ओझोनशी संयोग होऊन त्यापासून ६पीपीडी-क्विनोन तयार होते आणि टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडून पावसाने ओढ्यात जाते. ते कोहोंना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये टायर-उत्पादकांना याला पर्याय शोधायला लावणारा नियम लागू केला. कोणत्याही एका ओढ्याच्या काठी बसून सोडवता येईल असा हा प्रश्न नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव मला क्रमात दिसते. सिॲटलने २००१ मध्येच, पायपर्स क्रीक या दुसऱ्या ओढ्याच्या पाणलोटात, एका निवासी रस्त्याची पुनर्रचना केली होती. रस्ता अरुंद आणि नागमोडी करून दोन्ही बाजूंना झाडे लावलेले खोलगट चर काढले होते आणि त्या गल्लीतून बाहेर पडणारे पावसाचे पाणी मोजमापानुसार जवळजवळ थांबले होते. पाणी जिथे पडते तिथेच मुरवणे शक्य आहे, याचा पुरावा वाहिनीचा निर्णय होण्याआधीच हाताशी होता. पुढे वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी हेही दाखवले की रस्त्यावरचे विषारी पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळले, तर त्यात कोहो जगतात. असे असताना थॉर्न्टन क्रीकच्या वरच्या ६८० एकरांतील गल्ल्यांत तसे चर मोठ्या प्रमाणावर करण्याचा कार्यक्रम वाहिनीच्या करारालाच जोडायला हवा होता. तसे झाले असते तर वाहिनीवरचा भार घटला असता आणि गाळाबरोबर विरघळलेली रसायनेही अडली असती. वादाचे केंद्र एका वाहनतळावर इतके पक्के झाले होते की पाणलोटाचा विचार बाजूला पडला, असे मला वाटते.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे. सर्वांना एका टेबलाशी बसवण्याचे काम न्यायालयीन वर्षांनंतर झाले. मात्र खटले निरुपयोगी होते असा याचा अर्थ नाही. त्यांच्या दबावाशिवाय मालक आणि महापालिका चर्चेला बसले असते, असे मानायला आधार नाही. तरी रोजचे पाणी किती, पुराचे किती आणि कोणत्या पाण्यात काय आहे, हे मोजून दोन्ही बाजूंना आधीच दाखवले असते, तर तिसरा पर्याय काही वर्षे लवकर सुचला असता. ही मोजणी महापालिकेनेच करायला हवी होती, कारण नागरिकांच्या गटांकडे ती साधने नसतात.

तिसरा मुद्दा आपल्याकडच्या अनुकरणाचा आहे. ही वाहिनी पाहून पुण्यात किंवा कोल्हापुरात तशीच बांधायची कोणाला इच्छा झाली, तर त्याने आधी पावसाचा विचार करावा. आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि त्यातला बराचसा मोजक्या मुसळधार दिवसांत. छोट्या सरींसाठी काढलेली वाहिनी आपल्याकडे वर्षातील फार कमी पाणी हाताळेल आणि उरलेले पाइपातून तसेच पुढे जाईल. शिवाय आपल्या ओढ्यांत बारमाही वाहणारे पाणी बहुतेक ठिकाणी मैलापाणीच असते. सिॲटलने ते १९६८ पर्यंत वेगळे केले होते आणि मगच पुढचे प्रयोग झाले. रंकाळ्यासारख्या तलावात नाल्यांचे मैलापाणी येत असताना वर लव्हाळे लावून फार काही साधणार नाही. त्या मानाने मेडोब्रुकचा धडा आपल्या पावसाला अधिक जुळतो. ओढ्याच्या सखल काठांवर भराव घालू द्यायचा नाही, भिंती बांधून पात्र आवळायचे नाही आणि तळाला काँक्रीट तर मुळीच करायचे नाही. नालासुधारणेच्या नावाखाली तळात काँक्रीट ओतले जाते, तेव्हा झिऱ्याचे पाणी गाळणारा थरच कायमचा बंद होतो, आणि तो पुन्हा घडवायचा तर सिॲटलप्रमाणे सगळे पात्र खणून, बाहेरून खडी आणून भरावी लागते.

चौथी बाब मोजमापाची. ओढ्यावर झालेल्या प्रत्येक कामाचे यश त्या त्या जागी मोजले गेले. वाहिनीत गाळ किती बसला, संगमाशी पाणी किती चढले आणि खडीत कोणती रसायने घटली, हे सर्व नोंदले गेले आणि ते उपयुक्तही आहे. पण ओढा शेवटी सरोवराला काय देतो याचे उत्तर त्याच्या मुखाशी मिळते. दोन्ही कामांच्या आधीपासून मॅथ्यूज बीचजवळच्या मुखाशी धातू, जिवाणू आणि टायरमधील रसायने यांची सलग नोंद ठेवणे हा कामाच्या खर्चाचाच भाग धरला असता, तर पुढचा डॉलर वरच्या गल्लीत घालायचा, परसांतल्या काठांवर घालायचा की गळक्या मलवाहिन्यांवर, हे आज अधिक खात्रीने ठरवता आले असते.